बाँग-छी मावशीला चार वेळा उघडलं

माणूस बरणीत भरायचा तर पायांपासून सुरुवात करायची. आधी पावलांची बारीक हाडं, मग नडग्या, मांड्या, कंबर. मग मणके एकावर एक, दोन्ही बाजूंनी बरगड्या, कडेला हात, आणि सगळ्यात शेवटी कवटी, तोंड पुढे करून. म्हणजे झाकण लावल्यावर आत माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असतो. माझे वडील म्हणायचे, जन्माआधी नऊ महिने सगळे असेच बसतात, तेव्हा जागा अपुरी पडते अशी तक्रार कुणी करू नये.

मी सुआन. दोंगशी गावात अस्थी वेचायचं काम करते, गेली तेहेतीस वर्षं. हे बायकांचं काम नव्हे, पण वडिलांना तिन्ही मुलीच; थोरल्या दोघी तैपेईला पळाल्या आणि मला वेळेवर पळायला सुचलं नाही. वडिलांना सगळे मेस्त्री म्हणत, मला मेस्त्रीणबाई म्हणतात. पुढ्यात. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि लग्नाच्या जेवणात मला कोपऱ्यातलं टेबल का मिळतं तेही. जेवण तेच असतं.

गाव समुद्राला लागून. रस्त्याच्या दोन्ही कडांना कालवांच्या शिंपल्यांचे ढीग, त्यांच्या आड बुटक्या स्टुलांवर बसून कालवं फोडणाऱ्या बायका, आणि वाऱ्याला कायम मिठाचा, कुजक्या शेवाळाचा वास. दफनभूमी गावामागे, बांध आणि सुरूच्या रांगांच्या मधे. तिथे निव्वळ वाळू आहे. आमच्या वाळूची मला खात्री आहे. पुरलेला माणूस सहा वर्षांत हाडांवर येतो, सातव्या वर्षी हाडं कोरडी होतात. मग मी जाते, काळ्या छत्रीखाली ती वेचते, एकेक पुसते, बरणीत भरते, आणि बरणी अस्थिघराच्या फळीवर जाते. तोवर गेलेला माणूस अर्धाच गेलेला असतो असं आम्ही धरतो. बरणीत बसला की सुटला.

बाँग-छी मावशी माझ्या मागच्या गल्लीत राहायची. तिच्या नावाचा अर्थ, आलीच आहे तर वाढवा. त्या काळी चौथी-पाचवी मुलगीच झाली की असं नाव ठेवायचे. अशी ही नाइलाजाने वाढवलेली बाई नवऱ्याला आणि सगळ्या भावंडांना पोचवून चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली. मागे दोन मुलं. मोठी खीमताई, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, रस्त्याकडेला कालवं फोडायची. धाकटा चिन-होक, काओश्युंग बंदरात गाळ उपसणाऱ्या जहाजावर.

मावशी गेली तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता आणि चिन-होकचं जहाज बाहेर होतं. पंचांगाने शवपेटी बंद करायला तिसरा दिवस दिला. उकाड्यानेही तेच सांगितलं. खीमताईने पेटी बंद करवली. चिन-होक चौथ्या दिवशी दुपारी पोचला. उशिरा आलेल्या मुलाने रांगत यायचं असतं, तसा तो गल्लीच्या तोंडापासून तापलेल्या डांबरावर रांगत आला, पेटीवर कपाळ टेकलं, आणि उठून पहिला प्रश्न विचारला तो बांगडीचा.

बांगडी हिरव्या जेड दगडाची. मावशीने सतराव्या वर्षी हाताला साबण लावून चढवली होती, नंतर मनगट भरलं आणि ती उतरायचा प्रश्नच राहिला नाही. ती तिच्याबरोबरच जायची होती. पण पेटीत ठेवल्यावर कुण्या भाच्याने मोबाईलवर फोटो काढला होता आणि फोटोत ती फिकट दिसत होती. चिन-होकचं म्हणणं, ताईने खरी काढून काचेची घातली.

"ट्यूबलाईटखाली तू पण फिकाच दिसतोस," खीमताई म्हणाली.

भांडण बांगडीचं नव्हतं हे गल्लीतल्या मांजरांनाही कळत होतं. पण मला दाखवायच्या आधी आईचं तोंड झाकलंस, असं पन्नाशीच्या पुरुषाला म्हणता येत नाही. बांगडी कुठाय, असं म्हणता येतं. शेवटी नात्यातल्या म्हाताऱ्यांनी तोडगा काढला. सातव्या वर्षी अस्थी वेचताना बांगडी आपोआप मोकळी होईल, तेव्हा दोघांनी बघून घ्यावी. सात वर्षांत माणसं काय काय विसरतात. हे दोघं दिवस मोजत बसले.

पहिल्यांदा उघडलं ते वसंतातल्या कबरपूजेच्या आठ दिवस आधी, सकाळी सात वाजता. खणायला माझे नेहमीचे लाईआ काका होते. वारा पडलेला होता. मी फळं मांडली, उदबत्त्या लावल्या आणि मावशीला विचारायला लाकडाचे दोन अर्धचंद्र जमिनीवर टाकले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. लगेच पडला. काका खणायला लागले. खीमताई डोक्याच्या बाजूला उभी होती, चिन-होक पायाच्या बाजूला, मधे मी छत्री धरून.

झाकण उचललं तर मावशी अख्खी होती.

असं होतं. मी घाबरले नाही. चिकणमातीत, पाणी साचलं तर, पेटीत प्लास्टिक गेलं तर माणूस तसाच राहतो. बाहेरगावच्या कामांत मी तीसेक पाहिलेत. आमच्या वाळूत मात्र एकही नाही. मावशीचा रंग जुन्या मेणासारखा होता, चेहरा सरळ वर, डोळे मिटलेले, डावा हात छातीवर. बाही मनगटावर आली होती आणि बांगडीची कड तेवढी दिसत होती. मांस आहे तोवर अंगावरचं काहीही काढायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. दुसरा नियम वडील दारातच सांगून ठेवायचे: खड्डा उघडा असताना जिवंतांनी आपलं काही बोलायचं नाही. त्याचं कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"काढा ना," चिन-होक म्हणाला. "एक बांगडी काढायला काय लागतं?"

"हात लागतो," खीमताई म्हणाली. "तुझा सात वर्षांपूर्वी लागला असता तर बरं झालं असतं."

मग ते सुरू झालं. फोन कुणी केला, कितीदा केला, त्याच्या बायकोने काय सांगितलं, लहानपणी बदकाची तंगडी कोणाला मिळायची. मी गप्प बसा म्हटलं, पण मला ते सवयीचं होतं. घरोघरी भांडतात, आणि मेलेल्यांपुढे तर जास्तच, कारण ते मधे पडत नाहीत. मी माझं काम करत होते. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. अंगावर तांदळाची दारू शिंपडायची, डोक्यापासून पायापर्यंत कोबीची ताजी पानं पसरायची. ती कुजताना मांसाला बरोबर घेऊन जातात. झाकण सैल ठेवायचं, वाळू लोटायची, दोन वर्षं थांबायचं. दहा कोबी लागले. शेवटचं पान मी मावशीच्या चेहऱ्यावर ठेवलं तेव्हा वर बदकाच्या तंगडीवरच चाललं होतं.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती. चिन-होक पूर्ण वेळ मनगटाकडेच बघत होता. चेहऱ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

दोन वर्षांनी, त्याच सुमाराला, दुसऱ्यांदा. यावेळी मी आधीच शेजारच्या कबरींची चौकशी केली होती. मावशीच्या डावीकडचा कोळी आणि उजवीकडची मास्तरीण, दोघंही तिच्यानंतर पुरलेले, दोघंही कोरडी, स्वच्छ हाडं होऊन निघाले होते. काठीने ओल पाहिली, हातभर खालीसुद्धा वाळू कोरडी. मी अर्धचंद्र टाकले तर दोन्ही उताणे पडले. त्याला आम्ही हसणं म्हणतो. म्हणजे होकार नाही, नकार नाही, मेलेलं माणूस आपल्याला हसतंय. तिसऱ्या खेपेला होकार आला तो मी घेतला.

लाईआ काकांनी झाकण सरकवलं आणि ते कुदळीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

कोबीची पानं हिरवी होती.

मी खाली उतरून एक पान उचललं. कडक होतं. शिरेशी मोडलं तर कट्कन मोडलं आणि पाणी सुटलं. सकाळी बाजारातून आणलेल्या कोबीचा असतो तो वास आला. मी दोन वर्षांपूर्वी ठेवलेली पानं होती ती. चेहऱ्यावरच्या पानाला मी ठेवतानाच खुणेसाठी देठाशी टाचणीने छोटंसं भोक पाडलं होतं, तेही तिथेच होतं.

ते पान मी बाजूला केलं. मावशीचा रंग आता मेणाचा नव्हता. आजारातून उठलेल्या माणसाचा असतो तसा होता. आणि चेहरा सरळ नव्हता. किंचित डावीकडे वळला होता, इतका, की उजवा कान वर आला होता. कानावरचे पांढरे केस मागे सारल्यासारखे.

पेटी खचली असेल, असं मी मनात म्हटलं. पेटी खचलेली नव्हती.

मनगट आता पूर्ण दिसत होतं. मी वाकून नीट पाहिलं. जेडला आत धुकं असतं, काचेला बुडबुडे असतात. धुकं होतं. मी वर बघून सांगितलं, खरी आहे.

चिन-होक म्हणाला, "तुम्ही शेजारीण तिची. तुम्ही दुसरं काय सांगणार?"

"आणि तू वरून आठ फुटांवरून काच ओळखलीस," खीमताई म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस."

पुन्हा सुरू झालं. मी खाली, छत्री काकांच्या हातात, आणि डोक्यावरून ते दोन आवाज एकमेकांवर आपटत होते. मला त्यातले शब्द आता आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की मी कानाकडे बघत होते आणि आवाज चढला की कानाच्या पाळीत रंग भरत होता.

मी नवी पानं आणली होती. ती वापरावी लागली नाहीत. जुनीच परत पसरली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात खीमताईच्या पोटात गाठ निघाली. च्याई शहरातल्या डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं. ती परत येऊन स्टुलावर बसली आणि कालवं फोडायला लागली. मी तिच्याशेजारी जाऊन बसायचे. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, सुरी एका झटक्यात शिंपला उघडायची, मऊ गोळा पातेल्यात.  एक दिवस बोलली.

"मला पुरू नकोस, सुआन. जाळ. उघडायला काही ठेवू नकोस."

मी बरं म्हटलं.

"अस्थिघरात तिसऱ्या मजल्यावर दोन जागा घेतल्यात मी. एक आईची, शेजारी माझी. पण ती आधी यायला हवी. ती तिथे ओली पडलेली आणि मी वर कोरडी बसू? मला नाही जमणार."

मी म्हटलं, मग मावशीलाही जाळू. त्याला दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. तिने चिन-होकला फोन लावला, माझ्यासमोर. तो म्हणाला, पुरावा जाळायला निघालीस का. तिने फोन ठेवला आणि पुढचा शिंपला उचलला.

"लहान असताना माझ्या पाठीवरच असायचा," ती म्हणाली. "कालवं फोडताना आई त्याला माझ्या पाठीला बांधायची. त्याची लाळ गळायची माझ्या मानेवर. अजून कधी कधी तिथे गार लागतं."

डॉक्टरांचं दीड वर्ष उलटलं, पावसाळा संपत आला, तेव्हा तिसऱ्यांदा उघडायला मी नको म्हणायला हवं होतं. खीमताईच्या गालांची हाडं वर आली होती, तीन-चार महिन्यांच्या वर ती काढणार नाही हे मला दिसत होतं, आणि तिने माझा हात धरला. म्हणून गेले. अर्धचंद्र टाकले. दोन्ही पालथे, म्हणजे नकार. पुन्हा टाकले, नकार. तिसऱ्यांदा, नकार.

"जमीन उतरती आहे," चिन-होक म्हणाला.

जमीन सपाट होती. लाईआ काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, खणा म्हणून. ती माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

पानं हिरवीच होती. मी ती बाजूला केली. मावशी पूर्ण कुशीवर वळली होती, गुडघे जरा वर घेतलेले, उजवा कान आकाशाकडे. झोपेत कुणीतरी हाक मारली म्हणून अर्धवट जागी झालेली बाई जशी पडून राहते, तशी. तिचे गाल भरलेले होते. वर तिची मुलगी छत्रीच्या काठीला धरून उभी होती आणि दोघींत जिवंत कोणती हे परक्या माणसाला सांगता आलं नसतं.

डावा हात अंगाखाली गेला होता. बांगडी दिसत नव्हती.

"बघा," चिन-होक म्हणाला. "लपवली."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तो खाली उतरला. जहाजावर आयुष्य गेलेला माणूस, एका उडीत. पेटीच्या कडेवर गुडघा टेकून त्याने तिच्या अंगाखालून तो हात ओढून काढला, मनगटाला चार बोटं घालून धरला, उजेडाकडे वळवला.

मग तो थांबला.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. सुरूंमधून वाऱ्याचा आवाज येत होता. 

"ताई," तो म्हणाला. हा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "ताई, नाडी लागतेय."

माणसाने स्वतःच्या अंगठ्याने धरलं तर स्वतःचीच नाडी लागते. हे मी त्याला सांगितलं. त्याचा अंगठा मोकळा होता.

त्याने हात सोडला नाही. चेहऱ्याकडेही पाहिलं नाही. तसाच, मान खाली घालून.

वरून खीमताई बोलली. हळू, एकेक शब्द.

"होक्या, मीच बदलली. तुझं खरं आहे. काचेची घातली मी. आता सोड तिचा हात. झाकू दे."

ते खोटं होतं. मला माहीत होतं, तिला माहीत होतं. मला वाटतं त्या क्षणी त्यालाही माहीत होतं. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्याने मनगट सोडून मावशीचा हात तिच्या छातीशी ठेवला, पोराला झोपवल्यावर ठेवतो तसा. मी खाली बघत होते. मावशीच्या गालांवरचा रंग ओसरायला लागला होता. मी डोळ्यांनी पाहिलं. पाणी वाळूत जिरतं तसा तो आत जात होता. हिरव्या पानांच्या कडा पिवळ्या पडत होत्या.

मला वाटलं, झालं.

चिन-होक वर चढला, हात झटकले, ताईसमोर उभा राहिला. अकरा वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. तो घरी जाऊ शकला असता.

"मग खरी कुठाय?" तो म्हणाला.

मी पानांकडे पाहिलं नाही. झाकण ओढून घेतलं.

पुढचे महिने तो रोज फोन करायचा. कोणाला दिली, कधी काढली, कोण होतं तेव्हा, साबण लावला की तेल. बिचारी उत्तरं रचायची. आज सांगितलेलं उद्या विसरायची, तो पकडायचा. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटी कबुली देऊ नये. ती निभावायला फार ताकद लागते आणि तिच्यात भाताची पेज गिळायचीही उरली नव्हती. शेवटच्या आठवड्यात फोन वाजला की ती उशीखाली घालायची. उशीखाली तो वाजत राहायचा.

हिवाळ्यात ती गेली. तिने सांगितल्याप्रमाणे मी तिला जाळलं. जहाज यावेळी धक्क्यालाच होतं, चिन-होक वेळेवर आला, पहिल्या रांगेत उभा राहिला, रडला नाही. राख लहानशा डब्यात मावली. तिसऱ्या मजल्यावर तिच्या जागेत ठेवली. शेजारची जागा रिकामी.

गावकचेरीने त्याच वर्षी दफनभूमी उठवायचं ठरवलं. वसंत संपायच्या आत सगळ्या कबरी मोकळ्या करायच्या, तिथे बाग होणार. त्यामुळे चौथ्यांदा उघडताना मी अर्धचंद्र टाकलेच नाहीत. नकार आला असता तर करणार काय होते?

खड्ड्याशी आता आम्ही तिघंच. डोक्याच्या बाजूची जागा मोकळी. चिन-होक सवयीने पायाशी उभा. कुणी काही बोललं नाही. झाकण उचललं.

हाडं होती.

कोरडी, हस्तिदंतासारखी, एकही निखळलेलं नाही. पानांचा पत्ता नव्हता. मावशी पाठीवर सरळ होती, कवटी वर आकाशाकडे. खीमताई गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत वाळूने सगळं उरकलं होतं, जे पाच वर्षांपूर्वीच उरकायला हवं होतं. मला हुंदका आला. लाईआ काका माझ्याकडे पाठ करून तंबाखू शोधू लागले.

बांगडी बरगड्यांवर सुटी पडली होती. मी पुसली आणि चिन-होकच्या हातात दिली. त्याने ती उन्हात धरली. नखाने वाजवली. गालाला लावली, जेड गालाला गारच लागतं, कितीही ऊन असलं तरी. त्याने बराच वेळ लावून ठेवली.

"खरी आहे," तो म्हणाला.

 आता तो रडेल, असं मला वाटलं. मी त्याच्यासाठी रुमालही काढला.

"मग खोटं का बोलली?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर कबूल करून मला गप्प बसवलं. मला हावरा ठरवून गेली. आता मी कोणाला विचारू? बघा मेस्त्रीणबाई, जाताजाताही मला खोट्यात पाडून गेली ही बाई."

"दादा, राहू दे," मी म्हटलं. "ती गेली."

"गेली म्हणून काय सुटली?"

मी घाई केली. पावलं, नडग्या, मांड्या. इतक्या घाईने मी आयुष्यात बरणी भरली नव्हती. तरी प्रत्येक हाड कोरड्या फडक्याने पुसलं, एकही चुकवलं नाही, कवटी तोंड पुढे करून ठेवली. काकांनी छत्री धरली होती. तो बोलतच होता. मधेच थांबायचा आणि बारीक आवाजात खीमताईसारखं उत्तर द्यायचा, तिचाच टोमणा, तिचीच लकब, आणि मग त्यावर स्वतःच चिडायचा.

अस्थिघराचा तिसरा मजला उन्हाळ्यातही थंड असतो. फरशी, पत्र्याची दारं, रांगेने नंबर. मी बरणी जागेत ठेवली, खीमताईच्या डब्याशेजारी. आता दोघी जवळ होत्या, तिला हवं होतं तसं. झाकणाच्या कडेने मी ओलं सिमेंट भरायला घेतलं. चिन-होक समोर उभा राहिला, हात जोडले.

"आई," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांगतो. तू ऐक आणि तूच ठरव."

आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. उकाडा, पंचांग, फोन.

माझा डावा तळवा बरणीवर होता. आत काहीतरी सरकलं. बरणी हलली की हाडं सरकतात, त्याचा आवाज मला पाठ आहे, वाळल्या काटक्यांसारखा. हा तसा नव्हता. हा जड होता, ओला होता. अवघडून बसलेल्या माणसाने अंग सावरून घ्यावं तसा.

चिन-होक थांबला. "काही म्हणालात?"

मी नाही म्हटलं.

त्याने पुन्हा सुरुवात केली. मी कड पुरी केली. पुढच्या बाजूला, जिथे कवटीचं तोंड येतं तिथे, ओलं सिमेंट बाहेर फुगलं, थांबलं, आणि आत ओढलं गेलं. मग पुन्हा फुगलं. मी तिथे अंगठा दाबून धरला, आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत काढला नाही.